दोन सलामांच्या मध्ये

"नमाजी बंधूंनी कृपया इकडे लक्ष द्यावे. उद्याच्या जुम्म्यापासून, पुढील सूचना मिळेपर्यंत..."

इथे आयुब कंट्रोलरांनी सवयीप्रमाणे जरा दम घेतला. तेवढ्यात मशिदीमागच्या गल्लीत एका म्हातारीने सुनेला विचारलं, "कुठली लागली गं?"

तिची चूक नव्हती. परंड्याच्या बसस्थानकावर एकतीस वर्षं ज्या आवाजात बार्शी, भूम आणि कुर्डूवाडी लागत आली, त्याच आवाजात आज भोंग्यावरून सांगितलं जात होतं की मशीद बंद होणार. इमामसाहेब आणि चार माणसं आत जमातीने, म्हणजे रांगेत मिळून, नमाज पढतील, बाकीच्यांनी घरी नमाज अदा करावी, जुम्म्याऐवजी घरीच दुपारची जुहर पढावी, मुसाफहा म्हणजे हस्तांदोलन करू नये. उलेमांचं पत्रक उर्दूत आलं होतं. इमामसाहेबांनी, म्हणजे मौलानांनी, ते आयुबच्या हातात दिलं होतं, कारण मौलानांचा आवाज गोड होता आणि गोड आवाजावर गावाचा विश्वास नव्हता. आयुबने सांगितलेली गाडी मात्र एकतीस वर्षांत कधी खोटी ठरली नव्हती.

सूचना संपली तसा समोरच्या ओट्यावरून अण्णाराव ओरडले, "कंट्रोलर, फलाट क्रमांक ऱ्हायला की!"

अण्णाराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. टाळेबंदीचा दुसरा दिवस होता आणि ते तोंडाला बायकोच्या लुगड्याचा तुकडा बांधून, रिकाम्या रस्त्याकडे बघत बसले होते. समोरून वाहन येत नाही हे त्यांना पटत नव्हतं.

"घरात बसा, अण्णाराव," आयुब मशिदीची पायरी उतरत म्हणाले. "नियम आलाय."

"व्हय, आन् तुमी म्हंजी नियमाचं माहेर."

अण्णाराव ते हसत म्हणाले. आयुब हसले नाहीत. ह्या विषयावर ते अकरा वर्षं हसले नव्हते, आणि त्याचं कारण अण्णारावांना सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. त्या दिवशी गाडी तेच चालवत होते.

गोष्ट साधी होती. आयुबचे थोरले भाऊ दस्तगीर विहिरीच्या मोटारी भरायचे, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायचे. परंड्याच्या आजूबाजूला ज्या मोटारी जळत, त्या सगळ्या त्यांच्या दुकानात येऊन पडत. हे काम त्यांना गुलबर्ग्याच्या एका उस्तादांनी शिकवलं होतं, आणि दस्तगीर त्यांना बापाच्या जागी मानत. एका सकाळी फोन आला, उस्ताद गेले, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजनंतर दफन आहे. दहा-चाळीसची कुर्डूवाडी मिळाली तरच पुढची रेल्वे मिळणार होती. दस्तगीर अंगठा तुटलेली चप्पल फरफटत बसस्थानकाच्या फाटकातून पळत आले, हात वर करून. आयुबने त्यांना पाहिलं. मग घड्याळ पाहिलं. दहा-चाळीस झाले होते. त्यांनी इशाऱ्याचा हात खाली केला आणि गाडी सुटली.

अण्णारावांनीही आरशात पाहिलं होतं. ते पुढे कित्येकदा सांगत, "म्या ब्रेकवर पाय ठिवला व्हता. पर कंट्रोलरनं हात क्येला."

दस्तगीर दुसऱ्या दिवशी पोचले. जनाजा झाला होता, मिट्टी देऊन लोक घरी गेले होते. परत आल्यावर ते आयुबच्या दारात उभे राहिले. ह्या घरात रोजचं बोलणं दखनीत होत असे आणि भांडण मराठीत, कारण साक्षीदार सगळे मराठी. दस्तगीर मराठीत म्हणाले, "तुझी गाडी टायमावर गेली. आता तुझं माझं बोलणं संपलं."

आणि ते खरंच संपलं. दोघांची घरं एकाच बापाने बांधलेली, मध्ये नऊ इंची एकच भिंत. एका घरात कांदा चिरला तर दुसऱ्या घरात डोळे पुसावेत इतकं जवळ. पण अकरा वर्षांत भिंतीच्या ह्या बाजूचा शब्द त्या बाजूला गेला नाही.

अपवाद एकच. मशिदीत पहिल्या सफेत, म्हणजे पुढच्या रांगेत, ह्या दोघांच्या जागा बापाच्या काळापासून शेजारी शेजारी होत्या. दस्तगीर उजवीकडे, आयुब डावीकडे. भांडण झालं तरी जागा सोडायला कुणीच तयार नव्हतं. नमाज संपताना उजवीकडे मान वळवून 'अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह' म्हणायचं असतं, मग डावीकडे. आयुबचा उजवा सलाम भावाकडे जायचा, भावाचा डावा सलाम आयुबकडे यायचा. दिवसातून पाच वेळा. जे भाऊ बोलतात तेही इतक्यांदा एकमेकांचं बरं चिंतत नाहीत.

फक्त त्यात एक अडचण होती. जमातीत सगळे एकदमच मान वळवतात. आयुब उजवीकडे बघत तेव्हा दस्तगीरही उजवीकडेच बघत असत, म्हणून आयुबला दिसायची ती भावाची मान, एक कान आणि टोपीची कड. मग सगळे डावीकडे वळत आणि आयुबची मान दस्तगीरांना दिसे. अकरा वर्षं दोघांनी एकमेकांच्या मानेला सलाम केला. आयुबला त्या मानेची सवय झाली होती. केस कधी कापले, कॉलर कोणती उसवली, थंडीत मफलर बाहेर निघाला की नाही, एवढी खबर त्यातून मिळत असे.

टाळेबंदीत ती मानही गेली.

आयुब घरी नमाज पढू लागले. पुढे ते, मागे त्यांची बायको जैनबबी. पहिले दोन दिवस त्यांनी जानमाज, नमाजाची सतरंजी, मधल्या खोलीत अंथरली. तिसऱ्या दिवशी भिंतीला लागून अंथरली.

"हिथं कायकू?" जैनबबींनी विचारलं. "हिथं गरम होताय."

"हिथं किब्ला सीधा है."

किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, दोन्ही खोल्यांत पश्चिमेलाच होता. पण ह्या खोलीत उजव्या हाताला ती भिंत होती, आणि भिंतीपलीकडे दस्तगीर नमाज पढवत होते. पुण्याहून परतलेला त्यांचा मुलगा अजहर मागे उभा असे. दस्तगीरांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात ते दोघेच. इमामाने सलाम मोठ्याने म्हणायचा असतो, म्हणून दस्तगीरांचा सलाम विटांतून स्वच्छ ऐकू येई. आधी जरा दुरून, कारण तोंड पलीकडे असे. मग जवळून, कारण तोंड भिंतीकडे वळे.

हे लक्षात आलं आणि आयुबच्यातला कंट्रोलर जागा झाला.

हिशेब सोपा होता. इथे एक इमाम नव्हता, दोन होते. दोन गाड्या, दोन वेळा. भावाचा डावा सलाम येईल त्याच क्षणी आपण उजवा म्हटला, तर मध्ये भिंत असेना का, तोंडं समोरासमोर येतील. बापाच्या जागेवर अकरा वर्षांत जे झालं नाही ते इथे होऊ शकत होतं. त्यासाठी फक्त एक करायचं होतं. आपण थोडं थांबायचं.

पण थांबणं नियमात बसतं का? त्यांनी मौलानांना फोन लावला.

"मौलाना, आखरी बैठकीत सलामाच्या आधी जरा जास्त वेळ बसलं तर चालतं का?"

"दुआ पढत बसा की. जायज आहे."

"किती मिनिटं?"

मग मौलाना म्हणाले, "आयुबभाई, नमाज है. एसटी नहीं है."

परवानगी मिळाली. त्या असरपासून आयुब कंट्रोलर आयुष्यात पहिल्यांदा गाडी थांबवून ठेवू लागले. पलीकडून 'अल्लाहु अकबर' आलं की इकडे नमाज सुरू करायची. शेवटच्या बैठकीत दुआ लांबवत राहायचं. पलीकडचा पहिला सलाम दुरून येऊ द्यायचा. मग श्वास धरायचा, आणि दुसरा सलाम जवळून आला की त्यातच आपला मिसळायचा. पहिल्या दिवशी अर्धा सेकंद चुकला. दुसऱ्या दिवशी खोकला आला. तिसऱ्या दिवशी बरोबर जुळलं. आयुब भिंतीकडे तोंड करून, चुन्याच्या एका पोपड्याकडे पाहत सलाम म्हणाले, आणि पलीकडून त्याच क्षणी, त्याच पोपड्याच्या मागून, भावाचा सलाम आला. डावीकडे वळायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"अजी," नमाजनंतर जैनबबी गुडघे चोळत म्हणाल्या, "तुमची नमाज लंबी झालीय. मेरे घुटने क्या बोलते, ऐकू येतंय का?"

"रमजान आ रहा. आदत होने दे."

रमजान आला आणि गेला. मशीद बंदच होती. तरावीह, रमजानची रात्रीची नमाज, तीही घरीच झाली. महिनाभर रोज भिंतीपाशी दोन सलाम भेटत राहिले. कधी कधी आयुबला वाटे, आज आपण चांगलेच उशिरा होतो, तरी कसं जुळलं? मग ते स्वतःवरच खूश होत. हाताला वेळेची सवय असली की असं होतं, असा त्यांचा समज.

ईदच्या आदल्या दिवशी त्यांनी भोंग्यावरून शेवटची सूचना वाचली. "ईदची नमाज घरीच अदा करावी. मुसाफहा व गळाभेट टाळावी. सहा फुटांचे अंतर पाळावे. सहकार्याबद्दल धन्यवाद." धन्यवाद पत्रकात नव्हते. ते आयुबच्या तोंडून आपोआप निघाले.

घरी येऊन ते जैनबबींना म्हणाले, "ही बीमारी जाऊ दे. पहिली गळाभेट भाईजानची."

जैनबबींनी हातातला वेलदोडा खाली ठेवला. अकरा वर्षांत हा शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला गेला होता. "आज जाव की," त्या म्हणाल्या.

"आज कसा? आत्ताच तर सांगून आलो गावाला."

ईदच्या सकाळी आयुब नवा सदरा घालून ओट्यावर उभे होते. गल्लीत कुणी कुणाला भेटत नव्हतं. लोक दारातूनच हात उंचावून मुबारक देत होते, जणू गाव गाडीत बसलंय आणि आपापल्या खिडकीतून निरोप घेतंय. समोरच्या ओट्यावर अण्णाराव शीरखुर्म्याची वाट बघत होते. दरवर्षी तो आधी त्यांच्याकडे जाई.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं.

दस्तगीर बाहेर आले. हातात वाडगा होता. आईविना घरात अजहरने शीरखुर्मा केला होता आणि तो खालून लागल्याचा वास वाडग्याच्या पुढे चालत होता. दस्तगीर सरळ आयुबच्या ओट्यापाशी आले, वाडगा कट्ट्यावर ठेवला, हात सदऱ्याला पुसले. जन्मभर तांब्याची तार गुंडाळून बोटं वाकडी झाली होती. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि एक पायरी चढले.

आणि आयुब एक पाऊल मागे सरकले.

एवढंच नाही. त्यांचा उजवा हात वर गेला होता, पंजा पुढे, डेपोत मागे येणाऱ्या गाडीला थांबवतात तसा. तो त्यांनी उचलला नव्हता. तो आपणच उठला होता.

"भाईजान," ते म्हणाले, "सहा फूट."

दस्तगीर त्या हाताकडे पाहत राहिले. हात तोच होता. पसरलेले बाहू त्यांनी हळूहळू खाली आणले, जणू एखादी जड वस्तू उचलायला आले होते आणि ती उचलायची नाही असं आत्ता कळलं.

"बराबर हाय," ते म्हणाले. मराठीत, पण आवाजात भांडण नव्हतं. "त्या दिवशी बी तुझंच बराबर व्हतं. गाडी टायमावरच सुटाय पायजे."

"तसं न्हाय, भाईजान. बीमारी गेली की पहिली गळाभेट तुमचीच. खुदा कसम."

दस्तगीर पाठ फिरवून निघाले होते. मागे न बघता त्यांनी एक हात वर केला. ऐकलं म्हणून की पुरे म्हणून, ते आयुबला कळलं नाही. त्यांना परत एकदा मानच दिसली. केस खूप वाढले होते. न्हावी बंद होते.

समोर अण्णाराव उभे राहिले होते. ते म्हणाले, "आवं कंट्रोलर... कोन बगत व्हतं?"

आयुब म्हणाले, "मी बघत होतो."

तो करपट शीरखुर्मा त्यांनी सगळा खाल्ला. जैनबबींना घोटभरही दिला नाही.

त्या दिवशी असरला ते भिंतीपाशी बसले. पलीकडून 'अल्लाहु अकबर' आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दस्तगीरांनी जानमाज आतल्या खोलीत नेली होती. आठ दिवसांनी आयुब मधल्या खोलीत परतले.

मशिदी उघडल्या तेव्हा दिवाळी झाली होती. फरशीवर सहा-सहा फुटांवर पांढरे गोल आखले होते. टेप धरून ते आयुबनेच आखून घेतले होते, एकही गोल दोन इंच इकडे की तिकडे नाही. दस्तगीर आपल्या गोलात उभे राहत, आयुब आपल्या. मान आता लांबून दिसे, आणि तिच्यावर मास्कच्या दोरीची गाठ. आयुबने दोनदा मशिदीबाहेर गाठून बोलायचं ठरवलं. एकदा गर्दी होती आणि एकदा नव्हती. दोन्ही वेळा बीमारी अजून गेली नव्हती.

पुढच्या एप्रिलमध्ये मशिदी पुन्हा बंद झाल्या आणि दोन्ही घरांत एकाच आठवड्यात ताप शिरला. आयुबला घरीच विलगीकरणात ठेवलं. भिंतीजवळची ती खोली त्यांनी मागून घेतली. दस्तगीरांना श्वास पुरेना म्हणून अजहर त्यांना धाराशिवला घेऊन गेला. आयुबने गाडीचा आवाज ऐकला, दार लागल्याचा ऐकला. खिडकी उघडायची नव्हती, म्हणून उघडली नाही.

सहाव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"चाचा," अजहर म्हणाला, "अब्बा गेले."

आयुबने इन्ना लिल्लाह म्हटलं.

"इथंच दफन करायचंय. आमी चौघंच आहोत. चाचा, तुमी जीप करून या. लांब उभे रहा, मास्क लावून. इथल्या लोकांशी बोललोय मी. तासभर थांबतो आपण."

समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. विलगीकरण संपण्याच्या तारखेला आयुबने स्वतः गोल केला होता. दोन दिवस राहिले होते.

"थांबू नको," आयुब म्हणाले. "टायमावर कर."

फोन ठेवल्यावर आपण काय म्हटलं ते त्यांना ऐकू आलं.

मग मौलानांचा फोन आला. ते खूप वेळ धीर देत राहिले आणि शेवटी अडखळत म्हणाले, "आयुबभाई, आपल्या मसलकमध्ये, आपल्या पंथात, मय्यत समोर नसताना जनाजा पढत नाहीत. दुआ करा."

"माहीत आहे," आयुब म्हणाले. नियम त्यांना सगळेच माहीत होते.

दीड महिन्याने अजहर घर आवरायला आला. तारेची रिळं, जुनी हत्यारं मोटारी भरणाऱ्या बिराप्पा मिस्त्रीला देऊन टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन चाचांच्या ओट्यावर बसला. जैनबबींनी चहा आणला. बशीत चहा ओतत अजहर सहज बोलल्यासारखा म्हणाला, "लॉकडाऊनमध्ये अब्बांना विसरायला व्हायला लागलं होतं, चाचा. नमाजीत."

"काय विसरायचे?"

"सलामात. उजवीकडं फिरवायचे, आन् मग डावीकडं फिरायचंच नाही. नुसतं बसून. मी मागं ताटकळत. एकदा मी खाकरलो, तर नमाजनंतर रागावले. म्हणाले, 'रुक जरा. उधर एक सवारी आनेकी है.'"

जैनबबींनी त्या भिंतीच्या दिशेनं पाहिलं.

"मला वाटलं वयानं होतंय," अजहर म्हणाला. "रमजानभर असंच. ईदनंतर आतल्या खोलीत पढायला लागले, आन् मग नीट झालं. तिथं टायमावर संपवायचे."

आयुबने किल्ली घेतली. ती उजव्या हातात घेतली, मग डाव्या हातात घेतली, मग खिशात ठेवली.

दुसऱ्या वर्षी रमजानच्या आधी सगळे निर्बंध उठले. फरशीवरचे पांढरे गोल रॉकेल लावून पुसायला आयुबच होते. अण्णाराव दारातून बघत म्हणाले, "तुमीच आखले, तुमीच पुसा." मग स्वतःच चपला काढून बाहेरच्या ओट्यावर टेकले आणि आयुबचा हात चालत होता तोवर बसून राहिले.

असरला सफा पूर्वीसारख्या लागल्या, खांद्याला खांदा. फक्त पहिल्या सफेत आयुबच्या उजवीकडची जागा कुणी घेतली नव्हती. ती कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. मौलानांनी वळून पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "सफेत जागा रिकामी ठेवू नका. भरून घ्या."

नियम होता. आयुब एक पाऊल उजवीकडे सरकले आणि भावाच्या जागी उभे राहिले. त्यांच्या मोकळ्या जागेत मागच्या सफेतला सायकल दुकानातला एक कारागीर येऊन उभा राहिला.

नमाज संपत आली. मौलानांनी उजवीकडे सलाम फिरवला, सगळ्यांनी फिरवला. मौलानांनी डावीकडे फिरवला, सगळी मशीद वळली. आयुब वळले नाहीत. ते उजवीकडे तोंड करून तसेच बसले होते. कारागिराची नमाज झाली. मागच्या सफांतून लोक तसबीहचे मणी मोजू लागले. एकतीस वर्षं परंड्याची गाडी वेळेवर सोडणारा माणूस सगळ्या गावासमोर उशिरा होत होता, आणि मौलाना तोंड फिरवून बसले होते.

मग आयुबने मान डावीकडे वळवली. सलाम म्हटला. समोर त्यांच्या जुन्या जागेवर एक मान होती, एक कान, टोपीची कड. अकरा वर्षं भावाला इथून काय दिसत होतं, ते त्यांनी नीट पाहून घेतलं.